बरणीतला हरणटोळ

रोवणीचे दिवस आले की दवाखान्यात सापाची गोष्ट घेऊन दोन प्रकारची माणसे येतात. बांधीत किंवा तणसाच्या ढिगाजवळ साप चावलेली माणसे एक. दुसरे म्हणजे काळजीत पडलेले आईबाप. "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याने हिरवा साप धरून बरणीत ठेवला आहे. म्हणतो, निमविषारी आहे, याने माणूस मरत नाही. खरे आहे का?" आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नासाठी.

पोट्टा खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो. सापांची सरळ दोन खाती, विषारी आणि बिनविषारी, असे आपण शाळेत शिकलो. या दोहोंच्या मधे तिसरे खाते आहे, ते निमविषारी सापांचे. आपल्याकडचा हिरवागार, दोरीसारखा बारीक, टोकदार नाकाचा हरणटोळ त्यातला. रात्री फिरणारा, मांजरासारख्या उभ्या बाहुलीचा मांजऱ्या साप त्यातलाच. सह्याद्रीत दिसणारा उडता सोनसर्पही याच खात्यातला. हरणटोळ झाडावरून उडी घेऊन माणसाची टाळू फोडतो, असे आपल्या आज्या सांगत. ते काही खरे नव्हे. तो बिचारा सरडे आणि बेडूक खाऊन जगतो.

नाग, मण्यार आणि परड (पुस्तकातली घोणस) यांचे विषदंत वरच्या जबड्यात अगदी पुढे असतात आणि इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ असतात. एका झटक्यात विष आत जाते. निमविषारी सापाचे दात जबड्याच्या मागच्या बाजूला, साधारण डोळ्याखाली असतात. ते पोकळ नसतात, त्यांना खाच असते. विष जोराने सुटत नाही, खाचेतून झिरपते. म्हणून सापाला भक्ष्य तोंडात धरून चघळावे लागते. तो माणसाला नुसता डसून सुटला तर बहुधा ओरखडाच राहतो. पण बोट त्याच्या तोंडात गेले आणि त्याने धरून ठेवले, तर आग होते, सूज चढते, काळेनिळे पडते, बोट बधिर होते. दोन-तीन दिवसांत ते उतरते. साप पाळणाऱ्याचे बोट असे तोंडात जाण्याचा संभव जास्त, कारण तो सापाला रोज हातात घेतो, खायला घालतो.

इथपर्यंत पोट्ट्याचे म्हणणे बरोबर. आता उरलेले अर्धे.

१९५७ च्या सप्टेंबरात शिकागोमध्ये कार्ल श्मिट नावाचे मोठे सर्पतज्ज्ञ एका लहान सापाची ओळख पटवत होते. तो आफ्रिकेतला बूमस्लँग होता, मागच्या दातांचा. त्यांच्या अंगठ्यात एकच दात थोडासा रुतला. साप लहान, दंश किरकोळ, म्हणून ते डॉक्टरकडे गेले नाहीत. आगगाडीने घरी गेले आणि ताप, हिरड्यांतून रक्त अशी आपलीच लक्षणे वहीत लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी ते वारले. वय ६७. पुढे १९७५ मध्ये जर्मनीचे रॉबर्ट मेर्टेन्स हे तितकेच नामवंत सर्पतज्ज्ञ घरी पाळलेल्या सापाला खाऊ घालताना चावले गेले. हाही आफ्रिकेतला मागच्या दातांचाच साप. अठरा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्या सापावर उतारा नव्हता. हे दोघे हौशी पोरे नव्हते, आयुष्यभर साप हाताळलेले तज्ज्ञ होते.

आपला हरणटोळ म्हणजे बूमस्लँग नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या गावात प्रत्येक हिरवा साप काठीखाली जाईल. सांगायचे एवढेच, की दात मागे असणे ही विष सौम्य असल्याची हमी नव्हे. ते जातीजातीवर अवलंबून असते, आणि चावले कोणाला यावरही. मांजऱ्या सापाच्या कुळातला एक साप दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर जहाजातून पोचला. त्याने तिथले जंगलातले बहुतेक पक्षी संपवले. मोठ्या माणसांना त्याचा दंश फारसा बाधत नाही. पण रात्री घरात शिरून तो झोपलेल्या तान्ह्या बाळांना चावला, तेव्हा काहींना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात ठेवावे लागले. वीस वर्षांच्या पोराला जे विष चिमूटभर, ते पाळण्यातल्या त्याच्या भाचीला मूठभर होते. बरणी त्याची असते, पण घर सगळ्यांचे असते.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची, ओळख चुकण्याची. मांजऱ्या आणि फुरसे यांच्या अंगावरची नक्षी आणि डोक्यावरची खूण इतकी मिळतीजुळती, की नवखा हमखास फसतो. हिरवा म्हणजे हरणटोळ असे धरून चालणाऱ्याला बांबूतला चापडाही भेटू शकतो, आणि तो खरा विषारी. परडीचे पिल्लू आणि डुरक्या घोणस, मण्यार आणि कवड्या, या जोड्यांतही अशीच गफलत होते. त्यात मण्यार सर्वांत वाईट. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही. पोरगा म्हणतो, "कवड्या होता," आणि झोपतो. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. तोवर वेळ गेलेली असते.

म्हणून कोणताही साप चावला तरी, तो निमविषारीच होता अशी तुमची खात्री असली तरी, दवाखान्यात यावे. जखम साबणपाण्याने धुवावी. चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. १०८ ला फोन करावा. आम्ही एक साधी तपासणी करतो. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो. रक्त गोठले नाही, तर परड किंवा फुरशासारखे विष आत गेले आहे असे समजतो. एक दिवस नजरेखाली ठेवतो. दंश खरोखर हरणटोळाचाच असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन आणि दुखण्याची साधी गोळी पुरते. सर्पविषावरची लस त्याला लागत नाही, आणि चालतही नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये वगैरे तयार होणारी ती लस घोड्याच्या रक्तापासून करतात आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरच लागू पडते. उगाच दिली तर तिचीच रिअ‍ॅक्शन जीवावर बेतू शकते. "साहेब, एक लस टोचूनच टाका," असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये, तो एवढ्यासाठी.

चावण्याखेरीज आणखी एक गोष्ट. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. बरणी धुतली त्याच मोरीत भांडी घासली, की हगवण आणि ताप ठरलेला. लहान मुलांना तो बराच महागात पडतो.

साप पाळण्याचे हे वेड कुठून आले? १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही हे लोकांना कळावे, हा त्यांचा हेतू. पुढे कात्रजला त्यांनी सर्पोद्यान उभे केले. सर्पमित्रांची पिढी अशा कामातून घडली, आणि तिने कितीतरी साप व माणसे वाचवली. आमच्या काही पोरांनी मात्र त्यातले फोटो काढण्याचे अंगच उचलले. साप धरून घरी ठेवणे ही सर्पमैत्री नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय कोंडलेला हरणटोळ बरेचदा खाणेच सोडतो. पोरगा दुधाची वाटी ठेवतो, आणि साप तर दूध पीत नाही.

आता घरात बरणी असेलच तर काय करावे? पोराला मारू नका, आणि बरणी स्वतः उघडून सापाला परसात सोडू नका. झाकणाला हवेची भोके असल्याची खात्री करा, बरणी सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नाहीतर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. त्यांचा माणूस आला की त्याला साप नेमका कोणत्या झुडपात, कोणत्या बांधावर सापडला ती जागा दाखवा. म्हणजे तो तिथेच जवळपास सोडता येईल.