उणे बारा व्होल्टचा शोध

संपादकांना लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्ती-दुकानांवर लेख हवा होता. मी अडकलो एका काकांच्या टेबलापाशी. समोर एक्सटी काळातला पीसी उघडा पडलेला, ठाण्याच्या कारखान्यातून आलेला. त्याचं काम एकच: सीरियल पोर्टमधून लेथला प्रोग्रॅम पाठवणं. लेथकडून आलेला मजकूर पडद्यावर नीट उमटायचा. पीसीने पाठवलेलं एक अक्षरही तिकडे पोचत नव्हतं.

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी तेच घेतलं आणि सीरियल कार्डावर ८२५० ही आयसी बसवली. १.८४३२ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलला १६ ने भागायचं, मग १२ ने, की बरोबर ९६०० चा वेग! या नेटक्या हिशेबाचं मला फार कौतुक वाटतं.

पण ८२५० ला कळतात पाच व्होल्ट. बाहेरच्या तारेला अधिक आणि उणे, दोन्ही लागतात. जाणारा सिग्नल १४८८ ही आयसी तयार करते, येणारा १४८९ घेते. १४८९ चं पाच व्होल्टवर भागतं. १४८८ ला अधिक बारा आणि उणे बारा दोन्ही हवेत. म्हणून पोर्ट असा एकाच बाजूने मरतो.

कारखान्यातल्या मुलाने चाचणी-प्रोग्रॅम चालवला होता, तो पास झाला होता. ‘‘अहो, ती चाचणी ८२५० च्या पोटातल्या पोटात फिरते, बाहेर येतच नाही,’’ काका म्हणाले. त्यांनी २५ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ तारेने जोडल्या. टाइप केलेलं अक्षर परत आलं नाही. तार काढून मीटर २ आणि ७ वर लावला. पोर्ट स्वस्थ असताना तिथे उणे दहा-अकरा व्होल्ट दिसायला हवेत. आकडा शून्यापाशी रेंगाळत होता.

पहिला संशय पॉवर सप्लायवर. उणे बारा व्होल्ट पीसीत दुसरं फारसं कोणी वापरत नाही. ते गेले तरी बाकी मशीन खुशाल चालतं. पण १४८८ च्या पहिल्या पिनवर उणे ११.८ मिळाले, चौदावीवर अधिक बाराही ठीक. आत जाणाऱ्या पिनवर लॉजिक प्रोब लुकलुकत होता आणि बाहेरच्या पिनवर मीटरचा आकडा ढिम्म. आयसीच गेलेली.

ती काढणं अवघड. जुन्या कार्डाला जास्त उष्णता लागली तर तांब्याचा ट्रॅक उचलून येतो. काकांनी आयसी वाचवण्याचा मोह सोडला: चौदाही पाय कापले, एकेक चिमट्याने ओढला, भोकं पंपाने साफ केली, वर आयसी बेस बसवला. १४८८ अजून बाजारात मिळते. मला काळजी आहे ती या हातांची. ‘यूएसबी कन्व्हर्टर लावा’ हा सल्ला इथे लागू पडत नाही, कारण त्या कारखान्याचा डॉस प्रोग्रॅम थेट ३एफ८ या पत्त्यावर लिहितो आणि कन्व्हर्टर त्या पत्त्यावर नसतोच.

नव्या आयसीने मीटरवर उणे १०.९ दाखवले, अक्षरंही परत येऊ लागली. तरी काकांनी पीसी नेऊ दिला नाही. लेथ आणि पीसी वेगवेगळ्या अर्थिंगवर, मध्ये लांबलचक केबल. जोडल्याबरोबर नवी आयसीही जाण्याची भीती. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, दोन्हींमधला व्होल्टेज मोजा आणि मला आकडा कळवा, असं त्यांनी मालकांना फोनवर बजावलं.