निम्फ, लव आणि काही पक्के गैरसमज

ट्राउट पाण्याबाहेर झेपावून माशी टिपतो, हे दृश्य इतकं देखणं असतं की त्याचं सगळं खाणं पृष्ठभागावरच चालतं असा समज होतो. प्रत्यक्षात तो बहुतेक किडे पाण्याखालीच गिळतो. मे-फ्लायची पिल्लं नदीच्या तळाशी महिनोनमहिने वाढतात. पंख फुटल्यावरचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. पाण्याखालच्या या अवस्थेला निम्फ म्हणतात, आणि गळावर लव, दोरा व तार गुंडाळून केलेल्या तिच्या नकलेलाही निम्फच म्हणतात. इंग्लंडच्या चॉक, म्हणजे खडूच्या खडकातून येणाऱ्या, नद्यांवर अशी नक्कल वापरणं एके काळी कमीपणाचं मानलं जाई. लंडनचे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ लिहून तिची बाजू मांडली, तरीही १९३८ मध्ये फ्लायफिशर्स क्लबात त्यावर वाद झालाच. तो वाद आता मिटला आहे. निम्फ बांधण्याबद्दलचे गैरसमज मात्र अजून टिकून आहेत.

‘निम्फ हुबेहूब किड्यासारखी हवी’ हा त्यातला सर्वांत घट्ट. डोळे, सांधे, मोजून सहा पाय असलेल्या निम्फ डबीत फार सुंदर दिसतात. पण मे-फ्लायच्या जिवंत निम्फच्या पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले असतात आणि ते सतत हलत असतात. ताठ, गुळगुळीत नकलेत ही हालचाल येत नाही. याउलट ‘गोल्ड-रिब्ड हेअर्स इअर’ पाहा: रानसशाच्या केसांची, सोनेरी तारेचे वेढे दिलेली, अस्ताव्यस्त दिसणारी. एकोणिसाव्या शतकापासून ती आजवर टिकली आहे, आणि अस्ताव्यस्त आहे म्हणूनच टिकली आहे, असं माझं ठाम मत आहे.

‘केस इथून तिथून सारखेच’ असंही सर्रास मानलं जातं, आणि नवशिक्याची निम्फ बिघडते ती इथेच. रानसशाच्या तोंडाची वाळवलेली कातडी हातात घेऊन तिच्यावर फुंकर मारा. केस बाजूला सरतात आणि दोन थर दिसतात. आत दाट, मऊ, बारीक लव. तिच्यातून वर आलेले लांब, राठ केस, टोकाकडे फिकट-गडद पट्ट्यांचे. लव दोऱ्याला धरून राहते आणि निम्फचं अंग भरते. राठ केस बाहेर डोकावतात आणि पाय, कल्ले यांचा भास देतात. कानांवर लव जवळजवळ नसतेच. तिथले आखूड, ताठ केस नुसते दोऱ्यावर ठरत नाहीत, घसरतात. म्हणून ते गालांच्या लवेत मिसळावे लागतात. नावात कान असला तरी अंग भरतं ते गालांवरच्या लवेनेच. मिश्रणासाठी यंत्र लागत नाही. बरणीत पाणी आणि शाम्पूचा थेंब घालून केस जोरात हलवायचे, गाळायचे, धुऊन सुकवायचे. हरणाच्या अंगावरचे केस मात्र इथे कामाचे नाहीत. त्यांच्या आत हवा असते, त्यामुळे ते पाण्यावर तरंगणाऱ्या नकलांसाठी वापरतात.

‘भरपूर लव लावली की निम्फ भरदार होते’ हेही खोटं. मेण लावलेल्या दोऱ्यावर लव इतकी विरळ हवी की दोरा नुसता धुरकट दिसावा. अंगठा आणि तर्जनीत धरून एकाच दिशेने पीळ द्यायचा. मागे-पुढे चोळलं की दिलेला पीळ सुटतो. पोट बारीक, छाती जाड. बांधून झाल्यावर सुईच्या टोकाने छातीवरचे राठ केस उपसून मोकळे करायचे. कित्येकजण हेच केस कात्रीने छाटून निम्फ ‘नीट’ करतात आणि तिचा जीवच काढून घेतात.

मस्करॅट, बीव्हर यांसारख्या पाण्यातल्या प्राण्यांची लव पाणी झटकते, मग ती निम्फला कशी चालेल, असा प्रश्न येतो. ती पाणी झटकते ती तेलामुळे आणि दाट केसांत अडकलेल्या हवेमुळे. पहिल्या फेकीआधी निम्फ पाण्यात दाबून भिजवली की हवा निघून जाते. खोली मिळते ती वजनामुळे. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी त्यांची ‘फेझंट टेल’ निम्फ दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधली. तिचं वजन त्या तारेचंच.

नैसर्गिक ते सगळं श्रेष्ठ, हेही सरसकट खरं नाही. सीलची लव चमकदार आणि प्रकाश आरपार जाऊ देणारी, म्हणून एके काळी फार मान असलेली. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने आणि युरोपीय संघात २००९ च्या नियमांनी तिच्या व्यापारावर बंधनं आली. तिची जागा अंगोरा शेळीच्या केसांनी आणि कृत्रिम धाग्यांनी घेतली, आणि काम उत्तम चाललं आहे.

शेवटचा गैरसमज आपल्याकडचा, आणि महागात पडू शकणारा: ‘आपल्या रानात ससे आहेतच की!’ युरोपातली कातडी तिथल्या कायदेशीर शिकारीतून, खाण्यासाठी मारलेल्या सशांची येते. भारतातला रानससा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली संरक्षित आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि शिकार केलेल्या सशाची कातडी बाळगणं हाही. काश्मीर, हिमाचल किंवा निलगिरीच्या ट्राउटसाठी निम्फ बांधणाऱ्यांनी पाळीव सशाला विंचरून निघालेली लव घ्यावी, ताठपणासाठी तिच्यात शेळीचे राठ केस मिसळावेत. घरच्या कुत्र्याची आतली लवही चालते. कोणी रानसशाची कातडी देऊ केली, तर ती घेऊ नका आणि वन विभागाला कळवा.