पंधरावा दिवस आणि आठवा विजय

२४ मार्च २०२४. जपानमधील ओसाका शहरात सुमो कुस्तीच्या स्पर्धेचा पंधरावा, म्हणजे शेवटचा दिवस होता. ताकेरुफुजी नावाचा चोवीस वर्षांचा मल्ल लंगडतच आखाड्यात आला. आदल्या दिवशीच्या कुस्तीत त्याचा उजवा घोटा दुखावला होता आणि त्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यावे लागले होते. तरीही तो उतरला, जिंकला आणि तेरा विजय व दोन पराभव अशा हिशेबाने स्पर्धेचा विजेता ठरला. वरिष्ठ गटात पहिल्यांदाच खेळणाऱ्या मल्लाने स्पर्धा जिंकण्याची ही गोष्ट तब्बल ११० वर्षांनी घडत होती. सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मित्रांनो, अशा दिवशी सर्वांचे डोळे पहिल्या क्रमांकाकडे लागलेले असतात आणि ते योग्यच आहे. पण तुम्हाला गणिताची आवड असेल, तर मी तुम्हाला दुसरीकडे पाहायला सांगेन. गुणतक्त्याच्या अगदी मध्यावर, ज्यांची नावे फारशी कोणी घेत नाही अशा मल्लांच्या रांगेत त्या दिवशी एक वेगळेच नाट्य चाललेले असते. त्याचे गणित तुम्ही वहीच्या एका पानावर करू शकता. आणि त्या गणिताने एके काळी जपानच्या या राष्ट्रीय खेळाला चांगलाच घाम फोडला होता.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करावे लागते, म्हणजे त्याची पाठ मातीला लावावी लागते. सुमोत इतके लागत नाही. मातीच्या चौथऱ्यावर ४·५५ मीटर व्यासाचे एक कडे असते. ज्याचा पाय कड्याबाहेर पडला, किंवा तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला, तो हरला. बहुतेक कुस्त्या काही सेकंदांतच आटोपतात. वर्षातून सहा मोठ्या स्पर्धा होतात: जानेवारी, मे व सप्टेंबरमध्ये तोक्यो येथे, मार्चमध्ये ओसाका, जुलैमध्ये नागोया आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओका येथे. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते. सर्वांत वरच्या गटात ४२ आणि त्याखालच्या गटात २८ मल्ल असतात. या सत्तर जणांना रोज एक, अशा पंधरा कुस्त्या खेळाव्या लागतात. कोणाची गाठ कोणाशी हे स्पर्धेआधीच ठरलेले नसते. पंचमंडळ दिवसागणिक निकाल पाहून पुढच्या जोड्या लावते. त्यामुळे शेवटच्या दिवसांत कोण कोणासमोर उभा राहील, हे आधीच्या निकालांवर अवलंबून असते.

आता पंधरा ही विषम संख्या आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. पंधरा कुस्त्यांत बरोबरी होऊच शकत नाही. एक तर आठ किंवा अधिक विजय, नाही तर आठ किंवा अधिक पराभव. आठ विजयांना जपानी भाषेत ‘काचिकोशी’ म्हणतात आणि आठ पराभवांना ‘माकेकोशी’. स्पर्धा संपल्यावर नवी क्रमवारी जाहीर होते. तिच्यात काचिकोशी मिळवणारा साधारणपणे वर चढतो, माकेकोशीवाला खाली घसरतो. दुसऱ्या गटाच्या तळाशी असलेल्या मल्लाला ही घसरण फारच महाग पडते. वरच्या दोन गटांतील मल्लांना महिना दहा लाख येनांहून अधिक पगार मिळतो. त्याखाली गेले की पगार बंद! तेथे राहणे-जेवण आणि थोडासा भत्ता, एवढ्यावर भागवावे लागते. इतकेच नव्हे, तर त्याला वरिष्ठांची कामेही करावी लागतात.

म्हणजे सगळे विजय सारख्या किमतीचे नाहीत. पाचाचे सहा झाले तर क्रमवारीत थोडा फरक पडतो, नवाचे दहा झाले तरी थोडाच. सातावरून आठवर जाणे मात्र निराळे. अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा हा आठवा विजय साध्या विजयाच्या सुमारे चौपट मोलाचा निघाला.

आता वही घ्या. समजा, सगळे मल्ल तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक कुस्ती म्हणजे नाणेफेक आहे. पंधरा वेळा नाणे उडवल्यास छाप-काट्याचे एकंदर क्रम किती? दोनाचा पंधरावा घात, म्हणजे ३२,७६८. त्यांपैकी बरोबर आठ छाप असलेले क्रम किती? पंधरातून आठ निवडण्याचे प्रकार मोजायचे, ते येतात ६,४३५. (आपल्या जुन्या गणितज्ञांनी ज्याला मेरुप्रस्तार म्हटले, त्या संख्यांच्या त्रिकोणात खाली उतरत गेलात तरी हाच आकडा सापडेल.) ६,४३५ ला ३२,७६८ ने भागले की उत्तर येते शेकडा १९·६. सात छापांचे उत्तरही तेच, कारण सात छाप म्हणजे आठ काटे. तेव्हा अपेक्षा अशी की शंभरांतील सुमारे वीस मल्ल आठ विजयांवर थांबतील आणि जवळजवळ तेवढेच सात विजयांवर.

‘पण मल्ल तुल्यबळ कुठे असतात?’ असे तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. मात्र येथे क्रमवारी आपल्या मदतीला येते. साधारणपणे शेजारशेजारच्या क्रमांकाच्या मल्लांच्या जोड्या लावल्या जात असल्याने मधल्या फळीतील सामने बरेचसे बरोबरीचे होतात. शिवाय प्रत्येक कुस्तीत एक जिंकतो आणि एक हरतो, म्हणून सर्वांच्या विजयांची सरासरी साडेसातच राहणार. त्या साडेसाताच्या एका बाजूला सात आहेत, दुसऱ्या बाजूला आठ. दोन्हीकडे गर्दी सारखी नसण्याचे काही कारण दिसत नाही.

मार्क डुगन आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी जानेवारी १९८९ ते जानेवारी २००० या काळातील वरच्या दोन गटांच्या कुस्त्यांचे निकाल गोळा केले. मल्ल २८१ आणि कुस्त्या सुमारे ३२,०००. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले असे की आठ विजयांवर थांबलेले मल्ल शेकडा २६ होते, आणि सात विजयांवर थांबलेले फक्त शेकडा १२·२.

हे दोन आकडे बेरीज करून पाहा. ३८·२ येतात. नाणेफेकीच्या हिशेबाने दोन्हींची बेरीज किती असायला हवी होती? ३९·२. म्हणजे बेरीज जवळजवळ जुळते, बिघडली आहे ती वाटणी. सातच्या घरातील काही माणसे जणू कोणी उचलून आठच्या घरात नेऊन ठेवली आहेत.

हे कोठे घडते ते शोधण्यासाठी शेवटच्या दिवसाकडे चला. एका बाजूला सात विजय व सात पराभव असलेला मल्ल आहे, समोर आठ विजय व सहा पराभव असलेला. पहिल्याचे सर्वस्व या कुस्तीवर अवलंबून आहे, दुसऱ्याची काचिकोशी आधीच झाली आहे. या दोन प्रकारच्या मल्लांच्या आधीच्या गाठींवरून पाहिले, तर सात-सातवाल्याने शंभरांतील ४८·७ कुस्त्या जिंकायला हव्यात. प्रत्यक्षात तो ७९·६ जिंकत होता. समोर नऊ-पाचवाला असला तरी त्याचे विजय शेकडा ७३·४ होते.

हा नुसता योगायोग असेल का? नाणे दहादा उडवले आणि आठ किंवा अधिक छाप पडले, तर त्यात फारसे नवल नाही. १,०२४ पैकी ५६ क्रमांत तसे होते. पण तेच नाणे शंभर वेळा उडवून ऐंशी किंवा अधिक छाप पडण्याची शक्यता एक अब्जात एकापेक्षाही कमी आहे. प्रमाण तेच, मात्र नग वाढले की योगायोगाला जागा उरत नाही. संख्याशास्त्रातील ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात मुद्दाम करून दाखवावी. पाठ्यपुस्तकातील सूत्रापेक्षा ती अधिक लक्षात राहते.

योगायोग नाही, एवढे ठरले. मग काय? ‘लबाडी!’ असे म्हणण्याची घाई करू नका. साधे स्पष्टीकरण असे की ज्याला गरज आहे तो जिवाच्या आकांताने लढतो आणि ज्याचे काम झाले आहे तो अंग राखून खेळतो. परीक्षेच्या आदल्या रात्री आपणही एरवीपेक्षा जास्त अभ्यास करतोच की! यात गैर काही नाही. तेव्हा प्रश्न असा उरतो की जोर लावून मिळवलेला विजय आणि सोडून दिलेली कुस्ती यांतला फरक निकालाच्या तक्त्यावरून ओळखायचा कसा? दोन्हीकडे उमटतो तो एकच गोल. (सुमोत विजयाला पांढरा गोल, पराभवाला काळा.)

या अभ्यासातील मला सर्वांत आवडलेला भाग येथेच आहे. त्या दोघांनी पाहिले की हेच दोन मल्ल पुढच्या स्पर्धेत, कोणाचीही काचिकोशी पणाला लागलेली नसताना पुन्हा भेटतात तेव्हा काय होते. पहिला विजय केवळ जोराचा असेल, तर आता पारडे पुन्हा समतोल व्हायला हवे, म्हणजे पन्नास-पन्नास. मागचा विजेता मुळात थोडा सरस असेल, तर पन्नासाहून जास्त. पण आकडा निघाला शेकडा ४० च्या आसपास. त्याच्या पुढच्या भेटीत मात्र तो पुन्हा पन्नासाजवळ येतो. म्हणजे गेल्या वेळी जो जिंकला, तो या वेळी जरा जास्तच हरतो आणि मग खाते मिटते. उसने घेतलेले पीठ परत करावे, तसा हा प्रकार दिसतो. आणखी एक गोष्ट. वृत्तपत्रांत ठरवून हरण्याचे आरोप गाजले, की लगेचच्या स्पर्धांत सात-सातवाल्यांचे ऐंशीचे प्रमाण पन्नासापर्यंत उतरत असे. जिवाच्या आकांताने लढणारा वृत्तपत्र वाचून कमी जोर का लावील?

या व्यवहारात दोघांचाही फायदा कसा, तेही पाहा. सात-सातवाला जिंकला तर दोघेही आठ-सातवर संपतात आणि दोघांचीही काचिकोशी होते. हरणाऱ्याने गमावला एक साधा विजय, जिंकणाऱ्याने मिळवला चौपट मोलाचा. उद्या पाळी उलटली की हेच माप परत मिळेल.

अशा ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडच्या तालमींत नुरा कुस्ती म्हणतात. जपानी शब्द आहे ‘याओचो’. त्याची एक गंमतीदार कथा सांगतात. चोबेई नावाचा एक भाजीवाला होता. सुमोतील एका वजनदार गृहस्थाशी तो ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळे आणि गिऱ्हाईक टिकावे म्हणून मुद्दाम हरे. भाजीवाला म्हणजे ‘याओया’, चोबेईचा ‘चो’, आणि दोन्ही मिळून याओचो.

एवढे असूनही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे आकडे कोणत्याही एका कुस्तीबद्दल काहीच सांगत नाहीत. शंभरांतील ऐंशी विजयांपैकी पन्नास तर खरेच असणार. मग अमुक मल्लाचा अमुक दिवशीचा विजय त्या पन्नासांतला की उरलेल्या तिसांतला? तक्ता मुका आहे. म्हणूनच २००७ साली एका जपानी साप्ताहिकाने नावे घेऊन आरोप केले, तेव्हा सुमो संघटना न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये साप्ताहिकाच्या प्रकाशकांना भरपाई द्यावी लागली. समूहाबद्दल संशय आणि व्यक्तीबद्दल पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. न्यायालयाला दुसरीच लागते.

ती वस्तू अखेर भलत्याच वाटेने हाती आली. २०१० साली काही मल्ल बेसबॉलच्या सामन्यांवर बेकायदा जुगार खेळत असल्याचा तपास पोलीस करीत होते. त्यात जप्त केलेल्या मोबाइल फोनमधील पुसून टाकलेले संदेश त्यांनी परत मिळवले. कोणी कोणाशी हरायचे, कुस्ती कशी करायची, पैसे किती, सगळे त्यांत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये हे बाहेर आले. गुंतलेले बहुतेक मल्ल दुसऱ्या गटाच्या आसपासचे, म्हणजे जेथे एका पराभवाने पगार जाऊ शकतो तेथलेच होते. वीसहून अधिक जणांना सुमो सोडावे लागले. मार्चमधील ओसाकाची स्पर्धा रद्द झाली. १९४६ नंतर स्पर्धा रद्द होण्याची ही पहिलीच वेळ. मे महिन्यात तोक्योत कुस्त्या झाल्या, पण त्यांना परीक्षा असे नाव दिले होते. प्रवेश फुकट, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नाही आणि विजेत्याला नेहमीची बक्षिसेही नाहीत.

यावर उपाय काय? जोड्या लावणे पंचमंडळाच्या हातात असते, हे मागे सांगितलेच आहे. अलीकडे शेवटच्या दिवशी सात-सातवाल्याची गाठ पुष्कळदा दुसऱ्या सात-सातवाल्याशी घातली जाते. येथे कोणी कोणाला विजय उसना देऊ शकत नाही, कारण देणाऱ्याचीच माकेकोशी होते. एक आठ-सात आणि दुसरा सात-आठ, तिसरा मार्ग नाही. अशी कुस्ती पाहायला मिळाली, तर अवश्य पाहा. पहिल्या धडकेपासूनच तिचा आवाज निराळा असतो.

पुढच्या विषम महिन्यात स्पर्धेच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी तक्ता मिळवा आणि सात-सात असलेल्या मल्लांची नावे उतरवून घ्या. प्रत्येकाची गाठ कोणाशी पडणार आहे, तेही लिहा. मग समोरचा मल्ल सात-सातचा, आठ-सहाचा की नऊ-पाचचा, असे तीन रकाने पाडून रविवारचे निकाल त्यांत भरा. एका स्पर्धेत जेमतेम मूठभर कुस्त्या मिळतील आणि दहांतून आठ छाप पडण्यात नवल नाही, हे विसरू नका. वर्षभर, सहाही स्पर्धांचे आकडे जमले की मगच टक्केवारी काढायला बसा.