झाईचा नमुना आणि १९५४ चा तक्ता

घरातला संगणक रिकामा असेल तेव्हा त्याची ताकद कुठल्यातरी प्रयोगशाळेला उसनी द्यायची, या प्रकाराचं मला जुनं वेड आहे. सेटी ॲट होमपासून फोल्डिंग ॲट होमपर्यंतची कथा आता बहुतेकांना ठाऊक असते. २०२० च्या टाळेबंदीत करोनाच्या काटेरी प्रथिनाची हालचाल मोजायला जगभरातून इतके लोक धावले, की फोल्डिंग ॲट होमची एकत्रित ताकद तेव्हाच्या सर्वांत मोठ्या महासंगणकांच्याही पुढे गेली. त्यावर लिहून झालं आहे, बहुधा गरजेपेक्षा जास्तच. मला ओढ लागली ती कमी गाजलेल्या ओपनझिकाची, आणि त्याला निमित्त झालं झाई.

झाई हे तलासरी तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीला खेटलेलं समुद्रकाठचं गाव. जुलै २०२२ मध्ये तिथल्या आश्रमशाळेतल्या एका मुलीच्या नमुन्यात झिका विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत निघालं. आदल्या वर्षी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला होता. त्या भागातल्या कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की आधी हिवताप आठवतो, मग डेंग्यू. झिका आठवायचं कारणच नसतं. बहुतेकांना तो कळतही नाही. गर्भवतीला झाला तर मात्र पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ब्राझीलनं २०१५ मध्ये ते पाहिलं.

ओपनझिका सुरू झालं ते ब्राझीलमधूनच, मे २०१६ मध्ये. गोयास राज्यातल्या विद्यापीठाच्या कॅरोलिना होर्ता आंद्रादे त्याच्या प्रमुख, आणि संगणक आयबीएमच्या वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचे, म्हणजे खरं तर तुमच्या-आमच्यासारख्यांचे. शोध होता झिकाची प्रथिनं अडवणाऱ्या औषधाचा. एनएस५ हे प्रथिन विषाणूच्या जनुकांच्या नकला काढतं. एनएस३ चा एक भाग प्रथिनांची लांब साखळी कापतो, दुसरा आरएनएचा पीळ सोडवतो. यांच्या खाचांत एकेक रेणू निरनिराळ्या कलांनी बसवून पाहायचा आणि पकड किती घट्ट, ते आकड्यात मांडायचं. एका रेणूचा हिशेब दुसऱ्यावर अवलंबून नसतो, म्हणून तो तुकडे करून हजारो घरांत वाटता येतो. काम कंटाळवाणं; माणसाला देऊ नये असंच.

अडचण खाचांचीच होती. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं झिकाची बाह्यरचना प्रसिद्ध केली (त्या शोधनिबंधात पहिलं नाव देविका सिरोही यांचं), पण आतल्या प्रथिनांच्या रचना तेव्हा फारशा हाती नव्हत्या. मग डेंग्यू, वेस्ट नाइल अशा भाऊबंदांच्या प्रथिनांवरून अंदाजी प्रतिकृती उभ्या केल्या. ही युक्ती पुण्याला नवी नव्हती. पुणे विद्यापीठात अशोक कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची त्रिमितीय रचना अशीच संगणकावर बांधली होती, आणि प्रतिपिंडं त्याला कुठे चिकटत असतील तेही दाखवलं होतं. तो निबंध १९९९ चा.

भाऊबंदकीचा हाच मुद्दा आणखी मागे नेतो. झिकाचा भारतातला माग काढत गेलं की १९५४ चा एक लेख हाती येतो. लेखक तीन: स्मिथबर्न, केर आणि पी. बी. गटणे. स्मिथबर्न हे युगांडात वेस्ट नाइल विषाणू शोधणारे. केर हे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे सुरुवातीचे प्रमुख. आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशननं १९५२ मध्ये काढलेलं हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झालं. गटण्यांबद्दल कुणी काही लिहीत नाही, आणि मला नेमकं तेच नाव खुणावतं.

त्यांनी भारतातल्या लोकांचं रक्तजल निरनिराळ्या विषाणूंपुढे उभं केलं. पद्धत त्या काळची: रक्तजल आणि विषाणू एकत्र करून उंदराच्या मेंदूत टोचायचं, उंदीर जगला तर रक्तात प्रतिपिंडं आहेत असं धरायचं. झिका युगांडाच्या जंगलातल्या माकडात १९४७ मध्ये मिळाला, त्याचं वर्णन छापून आलं १९५२ मध्ये. म्हणजे शाई वाळते न वाळते तोच इथल्या रक्तात त्याचा शोध चालू होता. निकालांचा तक्ता थक्क करणारा होता. तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांचं रक्तजल झिकाला निष्प्रभ करत होतं, म्हणजे साधारण १७ टक्के.

त्याचा अर्थ काय, यावर एकमत नाही. डेंग्यू होऊन गेलेल्याची प्रतिपिंडं झिकालाही थोडीफार धरतात. दोघांच्या आवरण-प्रथिनांत निम्म्याहून थोडं अधिक साम्य आहे. त्यामुळे ते ३३ जण खरोखर झिकाचे, की डेंग्यूची सावली झिकावर पडलेली? मला वाटतं, काही तरी खरे असावेत. पण सिद्ध करायला उंदीर पुरेसा नाही, आणि ‘तेव्हापासून झिका इथेच होता’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी थोडं दमानं घ्यावं. उलट टोकही तितकंच खटकतं. २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं अहमदाबादच्या बापूनगरचे तीन रुग्ण जाहीर केले, तेव्हा ‘भारतातला पहिला झिका’ असं सर्रास छापून आलं. स्थानिक लोकांना आधी का कळवलं नाही, यावर वाद पेटला आणि तो रास्तच होता. त्या गदारोळात गटण्यांचा तक्ता फार थोड्यांना आठवला.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर प्रत्येक स्वयंसेवकाचा वेळ मोजला जातो, गुण मिळतात, संघांची क्रमवारी लागते. लोक त्यासाठी ईर्ष्येनं यंत्रं चालू ठेवतात आणि त्यात वाईट काही नाही. पण या संशोधनात रक्त देणाराही एक वाटेकरी असतो, १९५४ च्या तक्त्यातला असो की आश्रमशाळेतला. त्याच्यासाठी गुणफलक कुणी काढलेला नाही. शिवाय ‘रिकामा संगणक’ असायला वीज, इंटरनेट आणि मुळात संगणक लागतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून या उपक्रमात शिरायची वाट अजून तरी रक्ताच्या कुपीतूनच जाते.

ओपनझिकाचं गणन डिसेंबर २०१९ मध्ये थांबलं. निकाल छापून आले २०२२ मध्ये, झाईच्याच वर्षी. त्या ढिगातून प्रयोगशाळेत तपासायला ६१ रेणू निवडले गेले. पाच रेणूंनी एनएस५ ला अडवलं. लॅबमोल-३०१ नावाच्या रेणूनं एनएस५ आणि एनएस३ चं कापणारं अंग, दोन्ही रोखलं, आणि पेशींना झिकानं मरण्यापासून वाचवलं. पेशींना, बशीतल्या. तिथून औषधापर्यंतचा रस्ता फुकटच्या संगणकांनी कापता येत नाही. प्राण्यांवरचे प्रयोग, विषारीपणाच्या चाचण्या, मग माणसं, आणि या सगळ्याला पैसा. ब्राझीलची साथ ओसरली तसा झिकावरच्या पैशाचा ओघही आटत गेला.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आता आयबीएमकडून टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला आहे. झिकावर मंजूर झालेलं औषध अद्याप नाही. तलासरीत पुन्हा रुग्ण निघाला तर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती २०२२ चीच साधनं असतील: घरोघरी तापाची चौकशी, पिंपा-टाक्यांतलं पाणी ओतून देणं, गर्भवतींची यादी, आणि पुण्याला जाणारा नमुना.