लोकसेवा संकेतस्थळांची भारचाचणी : गर्दीच्या क्षणाचे अर्थशास्त्र

शासकीय सेवा संगणकाद्वारे उपलब्ध होऊ लागल्यापासून कार्यालयासमोरील रांगा बऱ्याच अंशी अदृश्य झाल्या. मात्र त्या संपल्या असे म्हणता येणार नाही. विवरणपत्राची अंतिम मुदत, परीक्षेचा निकाल किंवा तत्काळ आरक्षणाची वेळ आली की हीच रांग संकेतस्थळावर लागते. अशा वेळी यंत्रणा कोलमडली, तर नागरिकाचा वेळ वाया जातो, प्रसंगी विलंबशुल्क भरावे लागते किंवा संधीच हुकते. म्हणूनच संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी त्याची भारचाचणी होणे हा प्रशासकीय उत्तरदायित्वाचा भाग ठरतो.

चाचणीचे प्रकार

भारचाचणीत विशेष संगणक प्रणालीच्या साहाय्याने हजारो कृत्रिम वापरकर्ते निर्माण करून त्यांच्याकडून प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल करून घेतली जाते. तिचे चार प्रमुख प्रकार आहेत :

१. अपेक्षित भारचाचणी : अंदाजित गर्दीत प्रतिसाद किती वेळात मिळतो, हे तपासणे.
२. ताणचाचणी : यंत्रणा कोणत्या मर्यादेला कोसळते व पुन्हा कशी सावरते, हे पाहणे.
३. आकस्मिक उसळी चाचणी : काही सेकंदांत भार अनेक पटींनी वाढल्यास काय होते, हे तपासणे.
४. दीर्घकालीन चाचणी : अनेक तास सतत भार दिल्यावर स्मृतीची गळती यांसारखे सावकाश वाढणारे दोष शोधणे.

रांगेचे गणित

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, यंत्रणेत एका वेळी असणाऱ्या विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे विनंत्या येण्याचा वेग व प्रत्येक विनंतीला लागणारा सरासरी वेळ यांचा गुणाकार होय. दर सेकंदाला १,००० विनंत्या येत असतील व प्रत्येकीस २ सेकंद लागत असतील, तर एका वेळी २,००० विनंत्या यंत्रणेत असतात. प्रतिसादाचा वेळ १० सेकंदांवर गेला, की हीच संख्या १०,००० होते. त्यातच कंटाळलेला वापरकर्ता पुन्हा पुन्हा कळ दाबतो आणि भार आणखी वाढतो.

क्षमतेचा वापर व विलंब यांचे नातेही सरळ प्रमाणाचे नसते. रांगशास्त्रातील सर्वांत साध्या प्रतिमानानुसार, क्षमतेचा ५० टक्के वापर होत असता प्रतिसादाचा सरासरी वेळ मूळ सेवाकाळाच्या दुप्पट होतो. ८० टक्क्यांना तो पाचपट, तर ९५ टक्क्यांना वीसपट होतो. राखीव क्षमता ही उधळपट्टी नसते, याचे कारण येथे सापडते.

केवळ सरासरीवर विसंबणेही धोक्याचे असते. १०० पैकी ९५ जणांना १ सेकंदात व ५ जणांना ४१ सेकंदांनी प्रतिसाद मिळाला, तर सरासरी ३ सेकंदच भरते; त्या ५ जणांची अडचण तीत दिसत नाही. म्हणून चाचणीच्या अहवालात ९५ वा व ९९ वा शतमक पाहतात.

अनुभवाचे धडे

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेले केंद्रीय आरोग्य विमा संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. सर्व घटकांची एकत्रित चाचणी उद्घाटनापूर्वी जेमतेम दोन आठवडे सुरू झाली होती, असे कंत्राटदारांनी संसदीय समितीसमोर सांगितले. भारतात रेल्वेच्या ई-तिकीट यंत्रणेची क्षमता २०१४ मध्ये मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० पर्यंत वाढवण्यात आली. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘कोविन’वर लसीकरणाची नोंदणी खुली झाली, प्रारंभी काहींना अडचणी आल्या, तरी पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदी झाल्या.

मागणीचे नियोजन

विजेप्रमाणेच येथेही प्रश्न सर्वोच्च मागणीचा आहे. वर्षातील काही तासांसाठी प्रचंड क्षमता उभारणे खर्चिक असते. म्हणून मागणी विभागणे हा दुसरा मार्ग ठरतो. जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता व इतर वर्गांचे ११ वाजता सुरू होऊ लागले. जानेवारी २०२० मध्ये वस्तू व सेवा कराच्या मासिक विवरणपत्रासाठी २०, २२ व २४ तारखा ठरवण्यात आल्या. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा कमी असलेल्या महाराष्ट्रातील करदात्यांच्या वाट्याला २२ तारीख आली. मात्र अशा विभागणीने चाचणीची गरज संपत नाही. कोणत्या भाराला विभागणी आवश्यक आहे, हेही चाचणीच सांगते.

सारांश, भारचाचणीचा खर्च निविदेच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो. ती न केल्याचा खर्च मात्र लक्षावधी नागरिकांच्या वाया गेलेल्या तासांत विखुरतो व कोणत्याही लेख्यात नोंदला जात नाही. ज्याच्याकडे वेगवान जोडणी नाही, त्याला हा भुर्दंड सर्वाधिक बसतो. त्यामुळे करारातच प्रतिसादाच्या वेळेची मर्यादा व चाचणीची अट नमूद करणे, हे ई-प्रशासनाच्या समन्यायी विस्ताराचे पहिले पाऊल ठरेल.