ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आणि आमची पॅरिश शाळा

‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातले ‘दीवाना परवाना’ टीव्हीवर लागले, की घरातली पोरेसुद्धा भगवानदादांसारखी डोलू लागतात. पुढच्या वेळी जरा नाचणाऱ्यांच्या मागे बघा. झालरीचे शर्ट घातलेली बँडवाली मंडळी दिसतील. त्यांचा म्होरक्या ट्रम्पेटवाला आपल्या बार्देशातला, हळदोण्याचा. नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखायची.

जन्म १९१६ चा. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या पॅरिश शाळांत मेस्त मुलांना सोल्फेज शिकवीत. हाताने ताल, तोंडाने सूर आणि समोर पाच रेघांचा कागद. मिस्साला गाणारी, व्हायोलिन वाजवणारी मुले तयार व्हावीत, एवढाच हेतू. पण तीच शिदोरी घेऊन कितीतरी गोंयकार मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि बँडांत पोटाला लागले. चिक त्यांतलेच एक.

त्यांनी अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगची ढब उचलली. तसाच घोगरा गळा, तसाच हातात रुमाल. लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजू लागला. पुढे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले चितळकर, यांनी त्यांना मदतनीस म्हणून घेतले. चाल अण्णांची; पण तिला जॅझचा आणि लॅटिन अमेरिकेचा झटका मिळाला, त्यात चिक यांचा हात मोठा. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ आठवून पाहा, म्हणजे पटेल. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनी स्वतः संगीत दिले, पण स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा जम काही बसला नाही. १९६७ साली, पन्नाशी ओलांडता ओलांडता, ते गेले.

त्या काळच्या गाण्यांत असे कित्येक आंतोनियो, सेबास्तियांव वाजले. रेकॉर्डवर नाव गायकाचे आणि संगीतकाराचे. वाजवणारा आणि कागदावर सूर उतरवून देणारा अंधारातच राहिला. त्यांची नावे आता आपणच घ्यायला हवीत, नाहीतर दुसरे कोण घेणार?

पण नुसते नाव घेऊन भागायचे नाही. मी सारा जन्म पॅरिश शाळेत शिकवले. परीक्षा जवळ आली की पहिला तास कापला जायचा तो संगीताचा. पालकही म्हणायचे, “सर, त्याने मार्क वाढतात काय?” खरे आहे, वाढत नाहीत. पण सोल्फेज हा विरंगुळा नव्हता, ते हातातले कसब होते. त्यावर घरे चालली, बहिणींची लग्ने झाली.

म्हणून फादर-मंडळींना आणि मॅनेजमेंटला एवढीच विनंती: कॉम्प्युटरचा तास ठेवा, पण आठवड्यातून एक तास सोल्फेजलाही द्या. शिकवणारे जुने वादक अजून गावागावांत आहेत. ते आहेत तोवरच हे करायला हवे.