टप उतरविण्याची विद्या

अमेरिकेंत जुन्या मोटारींचे जे शौकीन आहेत, त्यांच्या गराजांत एक दृश्य वरचेवर दिसतें. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची एक पिकप गाडी उभी आहे. रंग खरवडलेला, काचा काढून ठेवलेल्या. आणि एक मनुष्य हातांत खडू घेऊन तिच्या केबिनीच्या खांबांवर दोन समांतर रेघा ओढीत आहे. दोन रेघांमधील अंतर तीन इंच. एवढा पत्रा प्रत्येक खांबांतून कापून काढावयाचा आणि वरचा टप तितका खालीं आणून पुन्हा जोडावयाचा, असा त्याचा बेत असतो. ऐकणाराला यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. टेबलाचे चारही पाय मधून तीन-तीन इंच कापून पुन्हा सांधले, तर टेबल तीन इंच ठेंगणें होतें, तसेंच हें. पण टेबलाचे पाय सरळ उभे असतात आणि केबिनीचे खांब तसे नसतात. या एवढ्याशा फरकापायीं कित्येक चांगल्या केबिनी दोन तुकडे होऊन तशाच पडून राहिल्या आहेत.

या उद्योगाचा उगम शोभेंत नसून शर्यतींत आहे. १९३० नंतरच्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेऊन मुरॉक, एल् मिराज अशा कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर जात आणि तेथें वेगाची परीक्षा घेत. या परीक्षांना शिस्त लागावी म्हणून १९३७ सालीं ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था निघाली. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि गाडीचें समोरचें क्षेत्रफळ जितकें कमी तितका तो विरोधही कमी. मोठें इंजिन घ्यावयास पैसा लागतो. करवत मात्र सर्वांपाशीं असते! १९५० च्या सुमारास पियर्सन बंधूंनीं १९३४ सालच्या एका फोर्ड कूपचा टप असाच उतरविला. पुढच्या काचेची उंची अमुक इंचांहून कमी असूं नये, असा शर्यतीचा नियम होता. त्यांनीं काच मागें इतकी कलती केली कीं नियमही पाळला गेला आणि टपही खालीं आला. त्याच काळांत लॉस एंजलिसकडे जॉर्ज व सॅम बॅरिस या बंधूंच्या कारखान्यांत मर्क्युरी गाड्यांचे टप उतरूं लागले. ते शर्यतीकरितां नव्हे, तर केवळ रूपाकरितां. यथाकाल ही आवड शेतकऱ्यांच्या पिकप गाड्यांपर्यंत येऊन पोंचली.

या गाड्यांपैकीं शेव्हरोलेची १९४७ च्या उन्हाळ्यांत निघालेली आणि १९५५ च्या पूर्वार्धापर्यंत चाललेली पिकप फार लोकप्रिय आहे. शेव्हरोलेचें नांव मुंबईकरांना परकें नाहीं. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना शिवडीस १९२८ पासून १९५४ पर्यंत होता. या पिकपची केबिन गोलसर, फुगीर व चांगली उंच आहे. डोक्यावरची टोपी न काढतां आंत बसावें, इतकी ऐसपैस. शौकिनांच्या डोळ्याला मात्र ती उंची खुपते. खालचें अंग दणकट आणि वर हें उंच डोकें. तें तीन इंच खालीं आलें कीं सारी गाडी दबा धरून बसल्यासारखी दिसते, असें त्यांचें म्हणणें आहे. आणि तें खोटें नाहीं.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. पितळेचा एक पेला घ्यावा. तोंडाशीं रुंद, बुडाशीं निमुळता. त्याच्या मधून दोन बोटें रुंदीचें एक कडें कापून काढलें आणि उरलेले दोन भाग एकमेकांवर ठेवले, तर ते जुळत नाहींत. एकाची कड मोठी, दुसऱ्याची लहान. केबिन हा असाच पेला आहे, फक्त पालथा घातलेला. पुढचे खांब वर जातां जातां मागें कलतात, पाठीची भिंत पुढें झुकते, आणि दोन्ही बाजू आंत येतात. समजा, पुढचा खांब बारा इंच चढतांना चार इंच मागें जातो. त्यांतून तीन इंच काढले, तर वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या एक इंच मागें पडेल. पाठीची भिंत बारा इंचांत दोन इंच पुढें येत असेल, तर तेथें अर्ध्या इंचाची चूक पडेल. म्हणजे टप एकूण दीड इंच आखूड झाला! रुंदींतही तो थोडा कमी पडणारच. थोडक्यांत, टप खालीं आणावयाचा म्हणजे तो मोठाही करावयाचा, ही गोष्ट पहिल्यानें करवत चालविणाराच्या ध्यानांत येत नाहीं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा कीं, टप अधिकाच्या चिन्हाप्रमाणें उभा-आडवा कापून त्याचे चार तुकडे करावयाचे, प्रत्येक कोपरा आपापल्या खांबावर नीट बसवावयाचा आणि मध्यें पडलेल्या फटींत नव्या पत्र्याच्या पट्ट्या भरावयाच्या. यांत शहाणपण आहे. कारण घडविण्यास अवघड अशी गोलाई कोपऱ्यांत असते आणि ती शाबूत राहते. परंतु टपाच्या मधोमध लांबच लांब सांधा येतो, आणि सपाट पत्र्यावरील लांब सांधा हा कारागिराचा वैरीच. दुसरा उपाय म्हणजे टपास हात न लावतां पुढचे खांब बुडाशीं चिरून मागें कलते करावयाचे. यांत वेल्डिंग कमी. पण मग दारांच्या वरच्या चौकटींनाही तोच कल द्यावा लागतो. तीन इंचांच्या कामाला हा दुसरा उपायच बरा दिसतो. पाठीमागें पुष्कळ जण खिडकी सोडून तिच्या वर किंवा खालीं काप घेतात. त्यामुळें मागची काच मूळचीच राहते.

करवत लावण्यापूर्वीं एक काम टाळतां येत नाहीं. दारें बसविलेलीं असतांनाच त्यांच्या फटी पाहून घ्यावयाच्या आणि मग केबिनीच्या आंतून लोखंडी अँगलांचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करावयाचे. खांब कापले कीं केबिनीचा ताण सुटतो व ती उमलल्यासारखी फांकते. आधार नसले तर दार पुन्हा कधीं नीट लागत नाहीं. कापावयाचेंही एकदम नाहीं. एक खांब, मग दुसरा.

वेल्डिंगची गोष्ट याहूनही नाजूक. तापलेला पत्रा प्रसरण पावूं पाहतो, पण भोंवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाहीं. तेव्हां तो आपल्याच ठिकाणीं दाटून जाड होतो, आणि निवतांना आक्रसून शेजारच्या पत्र्याला ओढतो. सुरकुत्या व पोंचे पडतात ते या ओढीनें. म्हणून शिवणारीण कापडाला आधीं लांब लांब धांवते टांके घालते, त्याप्रमाणें येथें एक टांका पुढें, एक मागें, एक मध्यें असें करीत जावें लागतें. प्रत्येक टांका थंड होऊं द्यावा लागतो. आणि मागून लहान ऐरण धरून हातोडीनें आक्रसलेला भाग पुन्हा ताणून घ्यावा लागतो. एका दिवसांत टप जोडूं पाहणाराला पुढें कित्येक महिने पोंचे काढीत बसावें लागतें.

सांध्यावरील उंचसखलपणा पूर्वीं शिशानें भरीत. आपल्याकडील कल्हईवाला भांडें तापवून कथलाचा हात देतो, तसा आधीं पत्र्यावर कथलाचा पातळ लेप द्यावयाचा आणि मग शिसें व कथील यांचा मिश्रधातू लोण्यासारखा मऊ करून लांकडी पट्टीनें पसरावयाचा. काम सुंदर होतें. पण शिशाची धूळ विषारी असल्यानें तें कानशीनेंच घासावें लागतें, घासयंत्रानें नव्हे. पुढें रासायनिक लुगदी आली. ती सोपी आहे. मात्र वाईट सांधे झांकण्याची सोय तिनें करून दिली, हा तिचा दोष म्हटला पाहिजे.

राहिली काच. या शेव्हरोलेच्या १९५३ पर्यंतच्या गाड्यांत पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, मध्यें दांडा असलेली आहे. तिच्याऐवजीं लहान तुकडे कोणताही कांचवाला कापून देऊं शकतो. १९५४ सालीं तेथें एकसंध वांकडी काच आली आणि कामाची कठिणता अनेक पटींनीं वाढली. दोन काचांमध्यें पातळ पडदा असलेली वांकडी काच कुशल हातानें कापतां येते, पण तडकण्याचें भय शेवटपर्यंत असतें. तापवून एकदम थंड केलेली कडक काच तर कापतांच येत नाहीं. तिचा पृष्ठभाग सदैव दाबाखालीं व गाभा ताणाखालीं असतो. एके ठिकाणीं तो तोल बिघडला कीं सबंध काचेचे खड्यांएवढे तुकडे होतात. यासाठीं खांबांवर रेघा ओढण्यापूर्वीं काच कोठून मिळणार याचा निकाल लावून घ्यावा.

आणि हें सर्व साधलें, तरी गाडी चालवावयाची आहे. फूटभर उंचीच्या काचेंतून तीन इंच गेले म्हणजे चौथाई नजर गेली. बैठक खालीं घेतली तर सुकाणूचें चाक डोळ्यांसमोर येतें. न घ्यावी तर डोकें टपाला लागतें. चौकांत अगदीं पुढें उभें राहिल्यास दिवा हिरवा झाला कीं नाहीं, हें मान वांकवून पाहावें लागतें. पांच-सहा इंच टप उतरविलेल्या पिकप गाड्याही प्रदर्शनांतून दिसतात. त्यांच्या खिडक्या पाहून किल्ल्याच्या जंग्यांची आठवण होते, आणि त्या प्रदर्शनाला बहुधा दुसऱ्या गाडीवर लादून आणलेल्या असतात.

जाणते कारागीर म्हणूनच प्रथम एक बिनखर्चाचा प्रयोग करावयास सांगतात. जितके इंच टप उतरवावयाचा, तितक्या रुंदीची कागदी चिकटपट्टी काचांच्या वरच्या कडेला लावावयाची आणि बाजारहाट, पाऊस, रात्र, चढउतार अशा सर्व प्रसंगीं आठ दिवस गाडी तशीच फिरवावयाची. पट्टी नवव्या दिवशीं बोटानें काढून टाकतां येते.